निम्म्या वाट्याचा न्याय मोडणारी जनुके



आईबापांच्या प्रत्येक जोडीतले एक जनुक अपत्याकडे जाते. कोणते जाईल, याची शक्यता सारखीच. मेंडेलने १८६६ साली छापलेल्या निबंधातून निघालेला हा न्याय सर्वच जनुके पाळतात असे मात्र नाही. घरच्या उंदरातला ‘टी’ हा जनुकसमूह नराच्या दहांतल्या नऊ पिलांतही उतरतो. त्यात उंदराचे हित नाही; तो दोन्हीकडून मिळाला तर पिलू मरते, किंवा नर वांझ निपजतो. तरीही तो टिकून आहे.

हीच युक्ती २०१५ साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी ॲनाफिलिस स्टीफेन्सी डासात घडवली. हा आपल्याकडचा शहरी हिवतापाचा डास. उघड्या टाक्या, हौद, बांधकामावरचे साचलेले पाणी हे त्याचे घर. हिवतापाच्या जंतूस अडवणारी जनुके नरांच्या वंशात शेकडा ९९ हून अधिक संततीत उतरली. माद्यांच्या संततीत मात्र ते तितकेसे साधले नाही.

उद्या ते साधेल. मग प्रश्न आमच्या दारी येईल. औषधाची फवारणी थांबवता येते. मोकळे सोडलेले असे जनुक परत बोलावणे कठीण. डास गावाची शीव मानीत नाही. राजगुरुनगरने होकार दिला आणि चाकणने नकार, तर ऐकावे कोणाचे? तापाने पोर गमावलेल्या आईला ‘थांब’ सांगणेही सोपे नव्हे. म्हणून हा निर्णय केवळ प्रयोगशाळेत होऊ नये. तो समजून घेऊन आपण सर्वांनी करावा. तोवर टाकीचे झाकण घट्ट लावणे आपल्या हाती आहे.