होडी जुनी, तांडेल नवा

श्रोतेहो, तारकर्लीच्या किनाऱ्यावर कोणालाही विचारा, होडी चालते कशावर? कोणी सांगेल वाऱ्यावर, कोणी सांगेल इंजिनावर. पण जाणता माणूस सांगेल, होडी चालते ती तांडेलावर. खडक कोठे आहेत, भरती केव्हा येते, देवबागच्या टोकाशी कार्ली नदीच्या मुखातली वाळू यंदा कोणत्या अंगाला सरकली आहे, हे ज्याला ठाऊक त्याच्याच हाती सुकाणू द्यायचे असते. होडी कितीही मजबूत असली तरी तांडेल बेसावध असेल तर ती खडकावर जायचीच.

आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती मात्र होडी नव्हे. ती एक लहानशी पेटी आहे. जाडजूड पुस्तकाएवढी, आत एक किंवा दोन हार्ड डिस्क, मागे विजेची वायर आणि राउटरला जोडलेली एक केबल. घरातल्या वा कचेरीतल्या सगळ्या संगणकांना आणि मोबाइलना मिळून एकच कोठार असावे, म्हणून ही पेटी ठेवतात. बाजारात तिला ‘नेटवर्क स्टोरेज’ किंवा थोडक्यात ‘नॅस’ म्हणतात. आपण तिला साठवणपेटी म्हणू.

अशी पेटी आपल्या भागात काय काय सांभाळू शकते, ते पाहा. शाळा असेल तर मुलांचे निकाल, दाखल्यांच्या प्रती, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे. पाहुण्यांना निवास-न्याहारी देणारे घर असेल तर हिशेब आणि आलेल्या पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या प्रती. समुद्राखाली डुबकी मारायला पर्यटकांना नेणारी मंडळी असतील तर पाण्याखालच्या चित्रफिती. एखाद्या हौशी गृहस्थाने वीस वर्षे जत्रेतल्या दशावताराचे खेळ टिपून ठेवले असतील तर ते. पेटीची किंमत काही हजार रुपये, पण आतल्या ऐवजाला किंमत लावता येणार नाही.

आता या पेटीचा तांडेल कोण? तर ‘फर्मवेअर’. शब्द ऐकून बिचकू नका. यंत्राचा जो भाग हाताला लागतो त्याला हार्डवेअर म्हणतात. ज्या आज्ञा आपण हवे तेव्हा घालतो आणि काढतो त्या सॉफ्टवेअर. या दोहोंच्या मध्ये, यंत्रातच मुरवून ठेवलेल्या आज्ञा असतात. त्यांना फर्मवेअर हे नाव १९६७ साली अ‍ॅशर ऑप्लर या अमेरिकन तज्ज्ञाने दिले. पेटीला वीज मिळाली की डिस्क फिरवायची कशी, कोणाला दार उघडायचे, कोणाला परवलीचा शब्द विचारायचा, हे सगळे फर्मवेअर ठरवते. ते बहुधा पेटीतल्या एका लहान चिपवर असते. काही पेट्यांत मात्र ते डिस्कच्याच एका कप्प्यात ठेवलेले असते. हा फरक लक्षात असू द्या, पुढे तो कामाला येणार आहे.

आता अडचण कोठे येते ते सांगतो. पेटी दहा-दहा वर्षे चालते, पण ती बनवणारी कंपनी तिच्या फर्मवेअरकडे तितकी वर्षे लक्ष देत नाही. नवे नमुने विकायचे असतात, म्हणून जुन्या नमुन्याची डागडुजी एक दिवस बंद होते. कंपनी तसे आपल्या संकेतस्थळावर जाहीर करते, पण ते वाचायला कोण जातो? पेटी आपली गुणगुणत चालू असते. गावात म्हणतातच ना, ‘चलता हा ना? मगे कित्याक हात लावतास?’ जे चालते त्याला उगाच हात लावू नये, हे शहाणपण खरेच आहे. पण ज्या पेटीला इंटरनेटची वाट आहे तिच्या बाबतीत ते अपुरे पडते.

कसे अपुरे पडते? दोन घडलेल्या गोष्टी सांगतो. वेस्टर्न डिजिटल कंपनीची ‘माय बुक लाइव्ह’ नावाची साठवणपेटी २०१० साली बाजारात आली. २०१५ नंतर तिला नवे फर्मवेअर मिळाले नाही. पेट्या मात्र घरोघर चालू होत्या. २०२१ च्या जून महिन्यात जगभरच्या लोकांनी सकाळी उठून पाहिले तो पेटी जागेवर, दिवा लागलेला, आणि आत काही नाही! कोणी तरी दूर बसून इंटरनेटवरून त्या पेट्यांना ‘सगळे पुसून टाका’ अशी आज्ञा दिली होती. ती आज्ञा पाळण्यापूर्वी परवलीचा शब्द विचारणाऱ्या ओळी फर्मवेअरमध्ये होत्या, पण त्या निष्क्रिय करून ठेवलेल्या होत्या, असे पुढे उघड झाले. परका माणूस होडीवर चढला, त्याने सारा माल समुद्रात टाकायला सांगितले, आणि तांडेलाने त्याला तू कोण म्हणून विचारलेसुद्धा नाही. कंपनीने पुढे लोकांना माहिती परत मिळवून देण्याची सोय देऊ केली. पण वेळ यायची ती येऊन गेली होती.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची म्हणावी लागेल, कारण डी-लिंकच्या भारतीय कंपनीची नोंदणी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतली आहे. या डी-लिंकच्या काही जुन्या साठवणपेट्यांमध्ये २०२४ च्या एप्रिलात एक मोठा दोष जाहीर झाला. फर्मवेअरमध्ये एक ठरावीक नावाचे खाते होते आणि त्याला परवलीचा शब्दच नव्हता. अशा ९२ हजारांहून अधिक पेट्या इंटरनेटवर उघड्या आहेत, असे तो दोष शोधणाऱ्याने सांगितले. कंपनीचे उत्तर असे की, या नमुन्यांचे आयुष्य संपले आहे, दुरुस्ती मिळणार नाही, पेटी बदला. लोखंड धडधाकट, डिस्क फिरते आहे, आणि तरी पेटी टाकून द्यायची! एका शाळेला हा खर्च थोडा नव्हे.

मग दुसरा मार्ग नाही का? आहे. होडी ठेवायची आणि तांडेल बदलायचा. म्हणजे कंपनीचे जुने फर्मवेअर काढून त्या जागी दुसऱ्या जाणकारांनी तयार केलेले, आजही जोपासले जाणारे फर्मवेअर घालायचे.

हे शक्य कसे झाले, त्याचीही मौज ऐकण्यासारखी आहे. या पेट्यांपैकी पुष्कळांच्या आत ‘लिनक्स’ चालते. लिनक्सचा परवाना असा आहे की, ते वापरून वस्तू विकणाऱ्याने त्यातल्या आज्ञांचा मूळ मजकूरही ग्राहकाला उपलब्ध केला पाहिजे. २००३ साली लिंक्सिस कंपनीला आपल्या एका राउटरचा असा मजकूर खुला करावा लागला आणि त्यातून पुढे ‘ओपन-डब्ल्यू-आर-टी’ हे सर्वांना खुले असलेले फर्मवेअर उभे राहिले. हा परवाना नुसता कागदावरचा आहे की कायद्याचा, याचा एक निवाडा २००६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने दिला. हॅरल्ड वेल्टे हे लिनक्सचे एक कर्ते. त्यांनी डी-लिंकच्या जर्मन कंपनीवर दावा लावला होता, आणि वादाची वस्तू होती एक साठवणपेटीच! न्यायालयाने परवाना बंधनकारक मानला. आज ज्या माय बुक लाइव्ह पेटीला तिच्या कंपनीने वाऱ्यावर सोडले, तिच्यावरही ओपन-डब्ल्यू-आर-टी बसवता येते. याचे मूळ त्या परवान्यात आहे.

तेव्हा, श्रोतेहो, तांडेल बदलता येतो. पण तो बदलायचा बंदरात, भरसमुद्रात नव्हे. आणि त्याआधी माल किनाऱ्यावर उतरवून घ्यायचा. या एका वाक्यात सगळी पद्धत आली. तरी क्रमाने सांगतो. जवळ कागद-पेन्सिल असेल तर टिपून घ्या.

पहिली गोष्ट, माल उतरवा. पेटीतील सर्व माहिती वेगळ्या डिस्कवर घ्या. नुसती घेऊन थांबू नका. त्यातल्या दहा-वीस फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. पुष्कळांचा असा समज असतो की, पेटीत दोन डिस्क आहेत आणि एकीवरचे दुसरीवर आपोआप उमटते, तेव्हा प्रत झालीच. तसे नाही. एकीवरची फाइल पुसली की दुसरीवरचीही त्याच क्षणी पुसली जाते. आरशातले प्रतिबिंब म्हणजे दुसरा माणूस नव्हे.

दुसरी गोष्ट, पेटी उलटी करून तळाची चिठ्ठी वाचा. नमुन्याचे नाव तर लिहून घ्याच, पण त्यापुढे ए-१, बी-१ अशी आवृत्ती असते तीही लिहून घ्या. नाव एक पण आवृत्ती निराळी म्हणजे आतली चिप निराळी असू शकते. एका आवृत्तीचे फर्मवेअर दुसरीत घातले तर पेटीची वीट होते.

तिसरी गोष्ट, नव्या तांडेलाची चौकशी करा. त्या फर्मवेअरची शेवटची दुरुस्ती केव्हा झाली? ते सांभाळणारे आजही काम करीत आहेत का? जुने बेवारशी फर्मवेअर काढून नवे बेवारशी घातले, तर आपण काय मिळवले? फाइल उतरवून घेतली की तिची खूण जुळवून पाहा. अशा फाइलीबरोबर बहुधा ‘शा-२५६’ नावाची ६४ अक्षरांची खूण दिलेली असते. आपल्या संगणकाकडून तीच खूण काढवून घ्यावी. एक अक्षर जरी निराळे निघाले तरी ती फाइल वापरू नये.

चौथी गोष्ट विजेची. आपल्या किनाऱ्याला हे निराळे सांगायला नको. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने विजेचे खांब आडवे केले, ते दिवस कोणी विसरलेले नाही. फर्मवेअर चिपवर उतरायला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात वीज गेली तर जुना तांडेल उतरलेला आणि नवा चढलेला नाही, अशी होडीची गत होते. म्हणून हे काम मृगाच्या गडगडाटात करू नका. कोरडा दिवस पाहा, पेटी आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या आणि दोहोंना केबलने जोडा. वायफायवर विसंबू नका.

पाचवी गोष्ट, डिस्क. फर्मवेअर चिपवर असेल तर काम चालू असताना डिस्क बाहेर काढून ठेवा. नवी व्यवस्था प्रथमच चालू होताना डिस्क ‘फॉरमॅट’ करू का असे विचारील. प्रश्न न वाचता ‘हो’ म्हणणारे हात फार असतात! फर्मवेअर डिस्कवरच असेल, जसे ते माय बुक लाइव्हमध्ये असते, तर जुनी डिस्क जपून बाजूला ठेवावी आणि दुसऱ्या डिस्कवर प्रयोग करावा.

एवढे करूनही पेटी उठली नाही तर? बऱ्याच पेट्यांच्या आत दुरुस्तीची एक मागची वाट असते. पट्टीवरच्या तीन-चार बारीक टाचण्यांना तारा जोडून पेटीशी थेट बोलता येते. तेथे विजेचा दाब बहुधा ३.३ व्होल्ट असतो. ५ व्होल्टचे साधन जोडले तर चिप जळू शकते. हे काम तालुक्याच्या गावी एखाद्या जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे.

आणि एक सांगून ठेवतो. फर्मवेअर बदलल्याने म्हातारी डिस्क तरुण होत नाही. साध्या हार्ड डिस्कला श्वास घेण्यासाठी बारीक छिद्र असते. खारी, दमट हवा तिच्या पट्टीला आणि जोडांना आतून-बाहेरून खात असते. होडीला तांडेल नवा मिळाला तरी फळी कुजली असेल तर ती बदलावीच लागते.

सर्वांनीच हा उद्योग करावा, असे मी म्हणत नाही. ज्याच्याकडे दुसरी प्रत नाही त्याने करू नये. ज्याच्या पेटीला साजेसे जिवंत फर्मवेअर नाही त्यानेही करू नये. त्याने पेटीची इंटरनेटची वाट राउटरवर बंद करावी आणि ती घरापुरतीच वापरावी. किंवा डिस्क काढून एखाद्या जुन्या संगणकात घालावी आणि त्यावर ‘ओपन मीडिया व्हॉल्ट’सारखी लिनक्सवर आधारलेली खुली व्यवस्था बसवावी. तीही विनामूल्य मिळते. मात्र बसवण्यापूर्वी माल उतरवण्याचा नियम येथेही आहेच.

शिक्षक बंधुभगिनींना माझे थोडे निराळे सांगणे आहे. मुंबईच्या आय. आय. टी. ने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या नावाने लिनक्सचे पाठ मराठी निवेदनासह तयार केले आहेत. ते विनामूल्य आहेत. आठवी-नववीच्या मुलांना घेऊन शाळेतली एखादी मोडीत निघालेली पेटी, जिच्यात कोणाचाही ऐवज नाही अशी, टेबलावर ठेवा. चिठ्ठी वाचण्यापासून खूण जुळवण्यापर्यंतचे काम मुलांना हाताने करू द्या. पेटी बिघडली तर बिघडली. पण एक गोष्ट त्यांच्या मनात कायमची राहील. पैसे मोजून आणलेली वस्तू आपली असते हे खरे, पण तिच्या आत कोणाचा हुकूम चालतो हे विचारण्याचा हक्कही आपला असतो.

आपल्या बापजाद्यांनी होडी विकत घेतली ती सुकाणूसकट. साठवणपेटी घेताना आपण सुकाणू दुसऱ्याच्या हाती ठेवून आलो. ते परत मागून घेता येते, मात्र आधी माल उतरवून. आज घरी गेल्यावर आपली पेटी उलटी करा, चिठ्ठी वाचा आणि तिच्यातल्या ऐवजाची दुसरी प्रत कोठे आहे, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर मिळाले नाही तर फर्मवेअरचे राहू द्या, ते काम आधी करा.