संगणकातले भुयार

पिंपळावर मुंजा राहतो आणि रात्री चकवा लागतो, हे घोड-भीमेकाठच्या पोरांना सांगावे लागत नाही. पण शिरूर-दौंडकडच्या, आज तिशी-चाळिशीत असलेल्या काहींना आणखी एक भूत आठवेल. ते संगणकात राहत असे.

खेळाचे नाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने तो १९८९ साली केला. धाकट्या भावाचे धावणे चित्रित करून त्यावरून राजपुत्राची चाल बेतली. अंधारे भुयार, वेळ ६० मिनिटे. मध्येच हाडांचा सांगाडा उठून तलवार धरी, तर जादूच्या आरशातून राजपुत्राचीच सावली बाहेर पडे! त्यात संगणक-वर्गाचा तास संपत आलेला आणि वीज जाण्याची धास्ती. मग काय, छाती धडधडायचीच.

शेवटी ती सावली तलवार घेऊन समोर ठाकते. तिला घाव घालावा, तर तो आपल्यालाच लागतो. तलवार म्यान करून तिच्याकडे गेलं, की ती आपल्यात मिसळते. हे पुस्तकात नव्हते. पोरांनी हरत हरत शोधले आणि एकमेकांना सांगितले.

गुरुजनहो, मुलांना भीतीच्या गोष्टी सांगूच नयेत, असे कित्येकजण म्हणतात. मला तसे वाटत नाही. पिंपळाखालून सोबतीने जाणारे पोर धीट होते. एका पडद्यापुढे दाटीवाटीने बसून घाबरणारेही होते. आज फोन हातात घेऊन मूल पुष्कळदा एकटेच घाबरते. त्याच्या शेजारी घटकाभर बसा, एवढेच सांगणे.