सात ते साडेआठ

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ साली संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसायची, मोठी माणसं वाचायची, गप्पा मारायची.

मला भोंग्यापेक्षा पुढचा दीड तास मोलाचा वाटतो. फोन नुसता बाजूला ठेवला, तर रिकामा हात पुन्हा तिकडेच जातो. त्याला दुसरं काही गोडी लावणारं हवं.

आपल्या भिलाईत त्याची वाण नाही. मैत्रीबाग आहे, तिथले पांढरे वाघ आहेत. आणि पंडवानी! जवळच्याच गनियारीच्या तीजनबाईंनी उभं राहून महाभारत गाण्याची कापालिक शैली जगभर नेली; २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. हातातला तंबुरा बघता बघता भीमाची गदा होतो, साथीचा रागी हुंकारी भरतो, मधेच प्रश्न विचारतो, आणि समोरचा श्रोता कथेत ओढला जातो. ही रंगत पडद्यावर अर्धीसुद्धा पोचत नाही.

जवळपास पंडवानी असेल, तर मुलांना घेऊन जरूर जा. आणि आज सातला फोन आतल्या खोलीत ठेवून कॅरम बाहेर काढा.