काळ्या पाषाणातला हिरवा खडा



खाणीत हिरवा स्फटिक सापडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाचू तर नाही ना? उत्तर आधीच देऊन टाकतो. आपल्या चिंचपाड्याच्या काळ्या पाषाणात पाचू मिळणार नाही. का मिळणार नाही, ते ऐकण्यासारखं आहे.

पाचू हे बेरिल या खनिजाचं एक रूप. बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन एवढाच त्याचा ऐवज. शुद्ध बेरिलला रंगच नसतो. त्याला गोशेनाइट म्हणतात. रंग येतो तो आत शिरलेल्या परक्या अणूंमुळे. क्रोमियम किंवा व्हॅनेडियम शिरलं तर पाचू, लोह शिरलं तर निळसर ॲक्वामरीन किंवा पिवळा हेलिओडोर, मँगनीज शिरलं तर गुलाबी मॉर्गनाइट. बेरिल आपल्या देशाला नवं नाही. उत्तम बेरिल भारतातून येतं, असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच नोंदवलं होतं. तमिळनाडूत पडियूरला ॲक्वामरीन मिळतं, राजस्थानात पाचू.

मग आपल्याकडेच का नाही? ग्रॅनाइटचा रस थिजत आला की उरलेल्या शेवटच्या रसात बेरिलियम साठतं आणि तिथे बेरिलचे स्फटिक वाढतात. आपला पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात बेरिलियम नगण्य. मात्र वायूच्या बुडबुड्यांनी त्यात पोकळ्या ठेवल्या. पुढे खडकातून गरम पाणी झिरपलं आणि त्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइटं जमली. त्यांच्याच शेजारी ॲपोफिलाइट. महाराष्ट्रातला हिरवा ॲपोफिलाइट हिरवा दिसतो तो व्हॅनेडियममुळे, म्हणजे काही पाचूंना रंग देणाऱ्या मूलद्रव्यामुळेच! पुण्याजवळच्या वाघोलीचा निळाशार कॅव्हन्साइट हाही व्हॅनेडियमचाच. असे नमुने जगभरचे संग्राहक जपतात. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात ते जरूर पाहून या.

ओळख सोपी आहे. बेरिलचा स्फटिक सहा बाजूंचा, कठिणता ७.५ ते ८. चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही. ॲपोफिलाइट चौकोनी, कठिणता ४.५ ते ५, टोकाच्या सपाट पृष्ठावर मोत्यासारखी झाक. पोलादी चाकूने तो ओरखडतो. ही परीक्षा फुटक्या तुकड्यावरच करा. चांगल्या नमुन्यावर एक ओरखडा पडला, की त्याची किंमत गेली.

खाणीवर आणि क्रशरवर काम करणाऱ्या भावांना एक विनंती. पोकळी दिसली तर स्फटिक उपटू नका. खालच्या दगडासकट काढा, कागदात गुंडाळा आणि चिठ्ठीवर गाव, खाण, तारीख लिहा. कुठून आला हे माहीत नसलेला खडा शोभेचा होतो, अभ्यासाचा राहत नाही. आणि असा हिरवा खडा कुणी पाचूच्या भावाने विकू लागला, तर आधी त्याच्या बाजू मोजा.