पोस्टरपाशी थोडं थांबा



कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात आपलं सगळ्यांचं मनापासून स्वागत. परिषदेचं कामकाज इंग्रजीतून चालेल, स्वागत मात्र मी मराठीतून करतो आहे. पाहुण्यांच्या पिशवीत या भाषणाचा इंग्रजी अनुवाद ठेवलेला आहे. मागच्या रांगांमध्ये आमचे प्रयोगशाळा परिचर, भांडार सांभाळणारे कर्मचारी आणि खानावळीतल्या मावशी बसल्या आहेत. गेले कित्येक महिने ही परिषद त्यांनीही अंगावर घेतली आहे. घरच्या कार्यात घरच्यांना कळेल असंच बोलावं, असं मला वाटतं.

आज सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसनं आलेल्या पाहुण्यांना आणायला मी स्टेशनवर गेलो होतो. त्यांच्यातल्या एका तरुण संशोधिकेच्या खांद्याला पोस्टरची लांब नळी होती. "रात्रभर उशाशी घेऊन झोपले," ती म्हणाली. मला माझी नळी आठवली. विद्यार्थी असताना एका मोठ्या परिषदेला मी पहिल्यांदा पोस्टर घेऊन गेलो. आमचे फलक सभागृहामागच्या जिन्याखाली लावले होते. दोन तास उभा होतो, कुणी फिरकलं नाही. शेवटी बाहेरची वाट शोधत एक वयस्कर शास्त्रज्ञ आले, थांबले, सगळं नीट वाचलं आणि विचारलं, "उत्प्रेरक धुऊन पुन्हा वापरलात, मग पाचव्या खेपेला उतारा का घसरतो?" मला उत्तर आलं नाही. त्या एका प्रश्नामागे मी पुढची दोन वर्षं काम केलं, आणि माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्यातूनच लिहून झालं.

अशा ओझरत्या भेटीचं मोल रसायनशास्त्रानं आधीही पाहिलं आहे. या शास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 3 सप्टेंबर 1860 रोजी जर्मनीत कार्ल्सरुहे इथं भरली. रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट केकुले यांनी ती कल्पना काढली होती. अणू कशाला म्हणायचं, रेणू कशाला म्हणायचं, यावरच तेव्हा एकमत नव्हतं. पाण्याचं सूत्रसुद्धा कुणी एचओ लिहायचं, कुणी एच-टू-ओ. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लाची तर चलनात असलेली 19 सूत्रं केकुलेंनी पुढच्याच वर्षी आपल्या पुस्तकात मांडून दाखवली. कार्ल्सरुहेला तीन दिवस चर्चा झाली आणि ठराव काही झाला नाही. मात्र मंडळी पांगताना पावेसी नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञानं आपले मित्र कानिझारो यांची एक पुस्तिका वाटली. अणुभार कसे ठरवावेत, हे तीत स्वच्छ मांडलेलं होतं. परिषदेला आलेल्या लोथार मायर यांनी ती खिशात टाकली आणि परतीच्या वाटेवर वाचली. तरुण मेंडेलीव्हही त्या परिषदेला होते. पक्क्या अणुभारांवर उभी असलेली त्यांची आवर्तसारणी 1869 साली आली.

ही हकिकत आमच्या संयोजन समितीच्या पहिल्याच बैठकीत निघाली, आणि तिच्यामुळे आमच्या कार्यक्रमाची मांडणी बदलली. पोस्टर आम्ही चहाच्या मांडवातच लावली आहेत. पोस्टरच्या वेळेत एकही व्याख्यान ठेवलेलं नाही. प्रत्येक फलकाशेजारी कोरा कागद आणि पेन टांगलं आहे, शब्द अडला तर रचनासूत्र काढून दाखवता यावं म्हणून. बीजभाषणांचा वेळ आम्ही कमी केला, त्याबद्दल ज्येष्ठ वक्त्यांनी राग मानू नये.

पाहुण्यांना माझी एक विनंती आहे. आमचे विद्यार्थी चंदगड, शाहूवाडी, जत, पाटण अशा तालुक्यांतून येतात. घरातून विद्यापीठात पोचलेली पहिली पिढी यांच्यात पुष्कळ आहे. एनएमआर तपासणीसाठी नमुना परगावी पाठवायचा आणि आलेखाची आठवडे-आठवडे वाट बघायची, अशा परिस्थितीत कितीतरी मुलांनी काम पुरं केलं आहे. इंग्रजी बोलताना ती अडखळतील. आपण निघून जाऊ नका. दोन मिनिटं जास्त थांबा, आणि कौतुक करण्याआधी एक अवघड प्रश्न विचारा. मुलांनो, तुम्हालाही सांगतो, उत्तर आलं नाही तर प्रश्न लिहून घ्या.

उद्या संध्याकाळी आपण सगळे गुऱ्हाळावर जाणार आहोत. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण तिथं नेण्यामागं माझा स्वार्थ वेगळा आहे. काहिलीत उसाचा रस तापू लागला की गुळव्या त्यात चुन्याची निवळी घालतो, आम्लता बेताची करतो. मग भेंडीची खोडं ठेचून त्यांचं बुळबुळीत पाणी ओततो. तो चिकट द्रव रसातला गाळ धरून वर येतो, त्याला मळी म्हणतात, ती झाऱ्यानं काढून टाकायची. पाक होत आला की गुळव्या त्यातला थेंबभर गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी गोळी वळून बघतो. त्या क्षणी काहिलीत सुमारे 118 अंश सेल्सिअस तापमान असतं. गुळव्याजवळ तापमापक नसतो, तरी काहील उतरवायची वेळ तो चुकवत नाही.

आता अडचण ऐका. बाजारात पिवळ्याधमक गुळाला भाव मिळतो. रसातली फेनॉलवर्गीय संयुगं हवेच्या आणि लोखंडाच्या संगतीत काळवंडतात, म्हणून रंग उजळायला हायड्रोस पावडर, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट वापरतात. त्यातलं गंधकाचं संयुग गुळात उरतं आणि खाणाऱ्याच्या पोटात जातं. गुळव्याला परवडेल, चुलवाणापाशी वापरता येईल आणि अन्नात चालेल, असा दुसरा उपाय हवा आहे. प्रश्न प्रयोगशाळेत शिरायला पुरेसा मोठा आहे आणि एखाद्या कुटुंबाचं वर्ष त्यावर अवलंबून असतं. इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेतलं रंगीत सांडपाणी आणि आमची पंचगंगा, हाही तसाच प्रश्न. त्यासाठी परवाचं पूर्ण सत्र राखून ठेवलं आहे. नदीकाठच्या गावांतली काही मंडळीही त्या दिवशी येणार आहेत. त्यांना आधी बोलू द्यावं, असं ठरलं आहे.

जेवणाबद्दल एवढंच सांगतो, प्रत्येक पदार्थासमोर त्यात काय आहे ते लिहिलेलं असेल. तांबड्या रश्श्यानं जीभ भाजली तर पाण्यावर विसंबू नका, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. मावशींनी शेजारी दही ठेवलं आहे.



सकाळच्या त्या नळीतलं पोस्टर आता लागलं आहे. मांडवात शिरल्यावर डाव्या हाताला, फलक क्रमांक सात. ती तरुण संशोधिका तिथं उभी आहे.