वारीच्या पिशवीतली बीपीची गोळी

पालख्या निघायला आता जेमतेम तीन आठवडे राहिलेत. दिंडीत नावं नोंदवून झाली असतील, रेनकोट, टाळ, बॅटरी, सुई-दोरा असं सगळं पिशवीत जायला लागलं असेल. त्याच पिशवीत जाणाऱ्या बीपीच्या गोळीबद्दल आजचा भाग आहे. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण आई-बाबा दोघंही बीपीवाले आणि दोघंही वारकरी, त्यामुळे हा विषय आमच्या घरात दर ज्येष्ठात निघतोच. डोस कमी-जास्त करायचा तर तो डॉक्टरांनीच. त्यांना जाऊन काय विचारायचं, तेवढं मी सांगतो.

सुरुवात वारीत हमखास ऐकू येणाऱ्या वाक्याने करू. "माउलींच्या वाटेवर कसली आलीय गोळी? चालून चालून बीपी आपोआप उतरतं." नियमित चालण्याने बीपी कमी होतं, हे खरंच आहे. पण म्हणून पहिल्याच मुक्कामाला गोळी सोडायची नसते. गंमत अशी की गोळी सोडल्यावर लगेच काहीच होत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. अ‍ॅम्लोडिपिनचं उदाहरण घ्या. ही गोळी रक्तात निम्मी व्हायलाच 30 ते 50 तास घेते. आज नाही घेतली, उद्या नाही घेतली, तरी माणूस टुणटुणीत. मग तो शेजारच्यालाही सांगतो, "बघा, मी तर बंदच केली." इकडे बीपी हळूहळू वर चढत असतं आणि ते चढताना बहुतेकांना काही जाणवत नाही.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिनचं मात्र उलटं आहे. या गोळ्या एकदम तोडल्या तर धडधड सुरू होऊ शकते, बीपी उसळी मारू शकतं, हृदयाचा त्रास असेल तर छातीत दुखू शकतं. गोळी बंद करायचीच असेल तर ती डॉक्टर पायरीपायरीने करतात. आणि घरी मोजल्यावर बीपी नॉर्मल येतंय, तर ते गोळीमुळे येतंय हो! सर्व्हर नीट चालतोय म्हणून आपण त्याचा वीजपुरवठा काढून घेतो का?

एखादी वेळ चुकली तर? त्याच दिवशी आठवलं तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका.

आता पिशवी भरू. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, चालण्याचे अठरा-वीस दिवस, वर परतीचा प्रवास. महिनाभराच्या गोळ्या न्या. पण सगळ्या दिंडीच्या ट्रकमध्ये ठेवू नका, ट्रक पुढे निघून जातो. तीन-चार दिवसांच्या अंगावर ठेवा. हौसेने स्ट्रिपमधून काढून डबीत भरायच्या नाहीत. टेल्मिसार्टन तर हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून ती घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायची असते. आषाढातला पाऊस आणि ओली पिशवी, पुढचं सांगायला नको.

स्ट्रिपवरून आठवलं. मागच्या वर्षी बाबांकडे दोन ठिकाणच्या गोळ्या जमा झाल्या. एक नेहमीच्या डॉक्टरांची, दुसरी एका हॉस्पिटलमधून घरी सोडताना दिलेली. नावं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. बाबा शिस्तीचे, ते इमानदारीत दोन्ही घेत राहिले आणि सकाळी उठताना त्यांना चक्कर यायला लागली. शेवटी आमच्या मेडिकलवाल्या काकांनी दोन्ही स्ट्रिपा उलट्या करून दाखवल्या. एकीत टेल्मिसार्टन 40, दुसरीत टेल्मिसार्टन 40 अधिक अ‍ॅम्लोडिपिन 5. म्हणजे एकच औषध दोनदा! तेव्हापासून आमच्याकडे गोळीला कंपनीच्या नावाने हाक मारायची नाही असा नियम आहे. आईसुद्धा आता "माझी अ‍ॅम्लो पाच" म्हणते. वाटेत गोळ्या संपल्या तरी हेच नाव कामाला येतं. कंपनी दुसरी मिळेल, औषध आणि मिलिग्रॅम तेच मिळायला हवेत.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. गुडघेदुखीची गोळी. पाच-सहा दिवस चाललं की गुडघे बोलायला लागतात आणि दिंडीत कुणाच्या ना कुणाच्या बटव्यात "एकदम भारी" गोळी असतेच. त्यात बहुतेकदा डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असतं. ही औषधं अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी करतात. पण खरा धोका किडनीला आहे. किडनीच्या गाळणीला एक आत येणारा नळ आणि एक बाहेर जाणारा नळ आहे असं समजा. गाळायला दाब लागतो. पेनकिलर आत येणारा नळ आवळते. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी बाहेरचा नळ सैल करते. त्यात तुम्ही लघवी वाढवणारी गोळी घेत असाल आणि घाम गाळून अंगातलं पाणीही कमी झालं असेल, तर टाकीतच पाणी नाही. दाब पडतो आणि गाळणी थांबायला लागते. तरुण, धडधाकट माणूस एखाद्या गोळीने निभावून जाईल, पण पासष्टीच्या आजींना चार दिवस ही गोळी देणं म्हणजे चेष्टा नाही. निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, "गुडघे दुखले तर मी काय घेऊ?" बहुतेक वेळा उत्तर पॅरासिटामॉल येईल. तिथेही स्ट्रिप उलटी करा, कारण पॅरासिटामॉल आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. सर्दीच्या गोळीत फिनाइलेफ्रिन दिसलं तर तीसुद्धा विचारल्याशिवाय नको.

लघवीच्या गोळीबद्दल बायका मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून मीच बोलतो. वाटेत आडोसा नाही, स्वच्छतागृहाला रांग, म्हणून त्या ही गोळी सोडतात, आणि वर पाणीही पीत नाहीत. हा दोष त्यांचा नाही, सोयीचा आहे. पण गोळीची वेळ बदलता येते का, दुसरी गोळी देता येते का, हे डॉक्टरांना विचारता येतं. विचारा, लाजू नका. आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी काही गोळ्या दोन दिवस थांबवाव्या लागतात, पण कोणत्या ते त्यांनीच सांगायचं.

पुण्यातून सासवडला जाताना दिवे घाट लागतो आणि त्या दिवशी बहुतेक वर्षी एकादशी असते. उपवासाला गोळी चालते. पाण्याने उपवास मोडत नसेल तर गोळीने मोडत नाही, असं आमच्या आजीचं मत होतं आणि मला ते पटतं. मिठाचं मात्र बघा. सैंधव "बीपीला चालतं" म्हणतात, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. आणि लो सोडियम म्हणून विकलं जाणारं मीठ असतं, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याच्या रक्तात त्यामुळे पोटॅशियम वाढू शकतं, आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात.

"झाडपाल्याचं आहे, साइड इफेक्ट नाही" असं सांगून कुणी पुडी दिली तर सर्पगंधा आठवा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि बीपीवर ती चालते हे जगाला कळलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. तेही झाडपाल्याचंच, पण ते घेणाऱ्या काहींना उदासी यायची. चालणारं औषध झाडाचं असो की कारखान्याचं, ते डॉक्टरांना सांगूनच घ्यायचं.

वाटेवरच्या शिबिरात बीपी मोजाल तेव्हा चालत आल्या आल्या हात पुढे करू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, लघवीला जाऊन या, चहा-तंबाखू अर्धा तास आधी नको, हात छातीच्या पातळीवर. आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. एका आकड्यावरून स्वतःच गोळी वाढवू नका. छातीत दुखलं, दम लागला, एका बाजूची ताकद गेली किंवा जीभ अडखळली, तर थांबायचं नाही, थेट 108.

आणि एक चिठ्ठी: नाव, औषधांची खरी नावं, मिलिग्रॅम, कधी घेता, घरचा फोन नंबर. प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात, ट्रकमध्ये नाही.