कासवाचे गाव

(निसर्गमित्र मंडळांच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कोकणातल्या बहुतेक जुन्या शिवालयांत गाभाऱ्याच्या अलीकडे दगडी कासव असते. दर्शनाला जाणारा आधी त्याला हात लावून नमस्कार करतो आणि मगच पुढे जातो. दशावतारांतील दुसरा अवतार म्हणून कूर्माचे स्थान आपल्या मनात पक्के आहे. आणि तरीही याच कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या कासवांची अंडी उकरली गेली, खाल्ली गेली, बाजारात विकली गेली. देवळातल्या कासवाला केलेला नमस्कार वाळूतल्या कासवापर्यंत पोहोचलाच नाही. आपली संस्कृती निसर्गपूजक आहे, हे आपण व्यासपीठावरून वारंवार सांगतो. ते खरेच आहे. परंतु पूजा आणि रक्षण यांच्यामध्ये जे अंतर पडले आहे, ते भाषणांनी भरून निघत नाही. काही गावांनी ते कष्टाने भरून काढले. त्यांचीच हकीकत आज पाहावयाची आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ते नाना फडणवीसांचे गाव म्हणून. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडांच्या घरट्यांची पाहणी करीत किनाऱ्याने हिंडत होते. वेळासच्या वाळूत त्यांना अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की, ती ‘ऑलिव्ह रिडले’ जातीच्या समुद्री कासवांची होती. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ही कासवे अंडी घालतात, याची तोवर अभ्यासकांत फारशी चर्चा नव्हती. ओडिशातील गहिरमाथा येथे माद्या लाखोंच्या संख्येने एकाच वेळी किनाऱ्यावर येतात, म्हणून साऱ्यांचे लक्ष तिकडे. कोकणात ती एकेकटी येते, रात्रीच्या अंधारात खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालून वाळू सारखी करते आणि निघून जाते. मागे राहतो तो फक्त तिच्या वल्ह्यांचा माग. तो माग पाहून पहाटे कोल्हा येई, कुत्रा येई आणि माणूसही येई.

संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे दोन मार्ग होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून अस्तित्वात आहे आणि या कासवांना त्यात सर्वोच्च संरक्षण आहे. तक्रार करून अंडी नेणाऱ्यांना शिक्षा घडविता आली असती. त्यांनी दुसरा मार्ग निवडला. जो माणूस अंडी काढीत होता, त्यालाच घरटे नेमके कोठे असते हे सर्वांत चांगले कळत होते. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. त्यालाच रक्षणाच्या कामाला लावले, तर? वेळासमध्ये नेमके हेच झाले.

काम दिसायला सोपे, पण करायला चिकाटीचे. नोव्हेंबर ते मार्च या काळात रोज पहाटे किनारा चालावयाचा. घरटे सापडले की काही तासांच्या आत अंडी अलगद काढून, कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत तेवढ्याच खोलीचा, तसाच सुरईसारखा खड्डा करून त्यात ठेवावयाची. घातलेल्या दिवसाची नोंद करावयाची. मग साधारण ४५ ते ६० दिवस वाट पाहावयाची. पिल्ले वर येऊ लागली की सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून पाहावयाचे आणि बाहेर आलेल्या पिल्लांना पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडावयाचे. समुद्रापर्यंतचा तो प्रवास त्यांना स्वतःच करू द्यावयाचा असतो. हातात उचलून पाण्यात टाकणे हा दयाळूपणा नव्हे, अडाणीपणा आहे. सोडलेल्या हजारांतील एखादेच मोठे होते असे म्हणतात. तरीही पन्नास घरटी वाचली तर हिशेब बदलतो.

वेतनाशिवाय किती काळ कोणी पहाटे उठेल, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. त्याला उत्तर मिळाले कासव महोत्सवातून. पिल्ले समुद्रात जाताना पाहावयास पुण्या-मुंबईची मंडळी येऊ लागली. गावात हॉटेल नव्हते आणि गावाने ते उभारलेही नाही. पाहुणे घराघरांत उतरू लागले. माजघरात अंथरूण, पानात भात, सोलकढी आणि उकडीचे मोदक. पैसे थेट घरातील गृहिणीच्या हाती. ज्या गावातील तरुण मुंबईच्या गाडीत बसण्यासाठीच मोठा होत असे, तेथे चार महिने तरी गावात थांबण्याचे कारण निर्माण झाले. मंडळाचा कारभारही हळूहळू गावकऱ्यांकडे गेला. बाहेरच्या संस्थेने काम उभे करावे आणि मग बाजूला व्हावे, ही गोष्ट बोलायला सोपी असली तरी आचरणात फार कमी दिसते.

वेळासपाठोपाठ आंजर्ले, केळशी, कोळथरे, गुहागर, गावखडी, रायगडमधील हरिहरेश्वर व दिवेआगर, सिंधुदुर्गातील वायंगणी अशी साखळी जुळत गेली. प्रत्येक गावाचे ‘कासवमित्र’ निराळे. वन विभागाने त्यांना मानधन सुरू केले, पुढे कांदळवन प्रतिष्ठान सोबतीला आले. जाळ्यात अडकलेले कासव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजनाही शासनाने आणली. मच्छीमाराचे जाळे म्हणजे त्याचे भांडवल. ते त्याने धर्म म्हणून कापावे, असे शहरातून सांगणे सोपे आहे. भरपाई देणे अधिक प्रामाणिक.

हीच दृष्टी खवले मांजराच्या बाबतीतही दिसली. तस्करीने नामशेष होत चाललेल्या या प्राण्यासाठी २०२० साली चिपळूण तालुक्यातील एका गावाने उत्सव केला आणि त्याच्या प्रतिकृतीची पालखी काढली. आरंभी सांगितलेले अंतर अशाने कमी होते.

विज्ञानाची जोड मिळाली तेव्हा कासवांचे चरित्रच उलगडले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. मग सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. आणि २०२५ च्या जानेवारीत उलटे घडले. गुहागरला अंडी घालावयास आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर ०३२३३ असा बिल्ला आढळला. तो तिला २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे निराळी, ही समजूत त्या एका बिल्ल्याने हलविली. ओडिशाच्या कार्यकर्त्याने लावलेला बिल्ला कोकणातील कासवमित्राने वाचला. त्या दोघांची गाठ कधी पडलेलीही नसेल.

आता अडचणींकडे. किनाऱ्याची धूप थांबविण्यासाठी दगडी बंधारे बांधले जातात आणि मादीला वर चढावयास वाळूच उरत नाही. सुरूची लागवडही अगदी भरतीरेषेपर्यंत येते. किनाऱ्यावर गाड्या धावतात. रात्री झगझगीत दिवे लागतात आणि पिल्ले समुद्राऐवजी त्या उजेडाकडे वळतात. वाळूच्या तापमानावर पिल्लाचे लिंग ठरते. वाळू अधिक तापली की माद्याच अधिक जन्मतात. हे प्रश्न एकट्या गावाच्या आवाक्यातले नाहीत. बंधारा कोठे हवा आणि कोठे नको, हे ठरविताना ग्रामसभेत कासवमित्राला बसवावे लागेल, आणि त्याच्यामागे तालुक्यातील सारी मंडळे उभी राहावी लागतील. आज प्रत्येक मंडळ आपली वही आपल्याजवळ ठेवते. घरट्यांच्या नोंदी एकाच पद्धतीने झाल्या, तर कोणता किनारा आधी वाचवावयाचा हे अधिकाऱ्यासमोर आकड्यांनिशी मांडता येईल.

आणि यंदा सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी एवढेच : तारीख कासव ठरविते, आपण नव्हे. निघण्यापूर्वी गावात फोन करून विचारावे. पिल्ले न दिसता परतावे लागले तर त्रागा करू नये. फ्लॅश आणि बॅटरी खिशातच ठेवावी, दोरीच्या आत पाऊल टाकू नये, मुक्काम गावकऱ्यांच्या घरीच करावा, आणि मुलांना पहाटेच्या फेरीला कासवमित्राबरोबर धाडावे. मात्र त्याला आदल्या रात्रीच विचारून ठेवावे, कारण तो कोणासाठी थांबत नाही.